कापरेकरांचे ‘जर-तर’

पेनिसिलिन देण्याआधी ॲलर्जीची चौकशी होते. ॲलर्जी असेल तर औषध बदलते, नसेल तर उपचार पुढे सुरू. सातारा-सांगलीच्या कॉलेजांत प्रोग्रॅमिंग शिकणारी मुले सुरुवातीला हेच ‘जर-तर’ गिरवतात. देवळालीच्या एका शाळामास्तरांनी ते कागद-पेन्सिलीवर मांडले होते.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ मध्ये डहाणूला झाला. आठव्या वर्षी आई गेली, कारकुनी करणाऱ्या वडिलांनी त्यांना वाढवले. ठाण्यात शाळा झाली, पुढे पुण्याचे फर्ग्युसन कॉलेज. १९२७ मध्ये रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळाले. १९३० पासून १९६२ पर्यंत ते देवळालीला शिक्षक होते. फावला वेळ सगळा आकड्यांत जाई.

१९४९ मध्ये त्यांना ६१७४ ही संख्या गवसली. कोणतीही चार अंकी संख्या घ्या. चारही अंक सारखे असतील, तर ती सोडा. नसतील, तर अंक उतरत्या क्रमाने मांडून त्यातून चढता क्रम वजा करा. उत्तर ६१७४ आले तर थांबा, नाही तर पुन्हा तेच करा. प्रतिसरकारचे साल १९४३ घेऊ: ९४३१ − १३४९ = ८०८२, ८८२० − ०२८८ = ८५३२, ८५३२ − २३५८ = ६१७४. जास्तीत जास्त सात फेऱ्यांत उत्तर येतेच.

एक अट मात्र सहज निसटते. १११२ घेतल्यास पहिली वजाबाकी ९९९ येते. ती ०९९९ अशीच मांडावी लागते. शून्य गाळले, तर पुढे ९९९ वजा ९९९, म्हणजे शून्य. मग ६१७४ येईपर्यंत थांबू नको, असे सांगितलेला संगणक कायमचा फिरत राहतो. म्हणून उत्तर हजाराहून लहान असेल तर पुढे शून्य लाव, हेही त्याला सांगावे लागते.

कापरेकरांकडे पदव्युत्तर पदवी नव्हती. देशातल्या अनेक गणितज्ञांनी त्यांचे काम पोरखेळ समजून बाजूला ठेवले. १९७५ मध्ये अमेरिकेतील मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात त्यांच्याविषयी लिहिले आणि जगाचे लक्ष गेले. तेव्हा ते सत्तरीत होते. निवृत्तीनंतर तुटपुंज्या पेन्शनला शिकवण्यांचा आधार द्यावा लागे. १९८६ मध्ये त्यांचे निधन झाले. ६१७४ आज ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणून ओळखला जातो.

आपल्या जन्मसालावर करून पाहा. सात फेऱ्यांत ६१७४ आले नाही, तर वजाबाकी तपासा. बहुधा एखादे शून्य सुटलेले असेल.