डॉ. जेरोम लेजून : गुणसूत्रांचा अभ्यासक, बालकांचा कैवारी

डाउन सिंड्रोम घेऊन जन्मलेली मुले आपल्या धर्मग्रामांतही आहेत. या व्याधीत मातापित्यांचा काडीमात्र दोष नसतो, हे जगाला कळले त्याचे बरेचसे श्रेय फ्रान्समधील कॅथलिक शास्त्रज्ञ डॉ. जेरोम लेजून यांना द्यावे लागते.

13 जून 1926 रोजी पॅरिसलगतच्या मोंरूज येथे त्यांचा जन्म झाला. डॉक्टर झाल्यावर ते प्रा. रेमों तुर्पें यांच्या हाताखाली अशा मुलांची तपासणी करू लागले. त्या काळी आईबापांच्या गुप्तरोगावर ठपका ठेवला जाई आणि घराण्याची मान खाली जाई. 1958 साली डॉ. मार्त गोतिए यांनी संवर्धित केलेल्या पेशींत 46 ऐवजी 47 गुणसूत्रे दिसली. एकविसाव्या जोडीत एक जादा होते. जानेवारी 1959 मध्ये तिघांच्या नावे निबंध प्रसिद्ध झाला. गोतिएबाईंचा वाटा मात्र दीर्घकाळ झाकोळलेला राहिला. श्रेयाचा हा वाद पुढेही धगधगत राहिला, हे नमूद करणे आम्हांस न्याय्य वाटते.

अशा मुलांना रक्ताचा कर्करोग इतरांहून अधिक प्रमाणात होतो. साहजिकच गुणसूत्रांतील बिघाड आणि कर्करोग यांचा संबंधही लेजून यांच्या संशोधनाचा विषय बनला. त्या कार्याबद्दल आयुष्याच्या अखेरीस त्यांना ग्रिफ्युएल पारितोषिक लाभले.

परंतु ज्या शोधातून उपचार निघावा अशी त्यांची आस होती, त्याच शोधाच्या आधारे गर्भातील बालके हेरून गर्भपात होऊ लागले. 1969 साली सॅन फ्रान्सिस्को येथे विल्यम अ‍ॅलन पुरस्कार स्वीकारताना त्यांनी भर सभेत याचा निषेध केला. सन्मानाच्या व्यासपीठावरून यजमानांनाच न रुचणारे बोलणे सोपे नव्हे! अनेक सहकारी दुरावले, संशोधनाचा निधी आटला. पॅरिसच्या नेकर रुग्णालयात मुलांना तपासणे मात्र त्यांनी सोडले नाही.

1994 च्या प्रारंभी पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना जीवनविषयक पोपप्रणीत अकादमीचे पहिले अध्यक्ष नेमले. तोवर कर्करोगाच्या या अभ्यासकाला फुप्फुसाच्या कर्करोगानेच गाठले होते. 3 एप्रिल 1994 रोजी, पुनरुत्थान रविवारी, त्यांनी देह ठेवला. 1997 मध्ये जागतिक युवादिनानिमित्त पॅरिसला आलेल्या पोपमहोदयांनी शालो-सें-मार या गावी जाऊन त्यांच्या कबरीपाशी प्रार्थना केली. 21 जानेवारी 2021 रोजी पोप फ्रान्सिस यांनी त्यांच्या सद्गुणांना मान्यता दिली आणि संतपदाच्या वाटेवरील ‘व्हेनरेबल’ ही पदवी त्यांना प्राप्त झाली.