महर्षी कर्वे आणि परीक्षेचे दार

सन १८७५ चा पावसाळा होता. कोकणातील मुरूड गावाहून काही मुले पायी साताऱ्यास निघाली. तेथे सहाव्या इयत्तेची सरकारी परीक्षा व्हावयाची होती. ती उतरल्यास शिक्षकाची किंवा कचेरीतील एखादी लहान नोकरी मिळण्याचा संभव असे. वाट शंभर मैलांहून अधिक, मध्ये सह्याद्रीचा घाट, वरून मुसळधार पाऊस आणि हाती दिवस मोजके. ओढे ओलांडीत, चिखल तुडवीत ती मुले वेळेवर पोहोचली. त्यांतील एक अंगाने किरकोळ, स्वभावाने भिडस्त असा मुलगा अधिकाऱ्यांपुढे उभा राहिला. परीक्षेस बसावयास सतरा वर्षांचे वय पूर्ण हवे होते आणि ते त्याचे झालेले होते. दाखलाही जवळ होता. परंतु अधिकाऱ्यांनी दाखल्यापेक्षा त्याच्या कोवळ्या चेहऱ्यावर अधिक विश्वास ठेवला आणि त्यास परत पाठविले.

हा मुलगा म्हणजेच पुढे महर्षी या पदवीने ओळखले गेलेले धोंडो केशव कर्वे. त्यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील शेरवली येथे झाला. घरची गरिबी होती. साताऱ्याहून परतल्यावर ते खचले नाहीत. पुढील वर्षी कोल्हापुरास जाऊन त्यांनी तीच परीक्षा दिली व ते उत्तीर्ण झाले. मॅट्रिक होण्यास मात्र १८८१ साल उजाडले. तेव्हा ते तेवीस वर्षांचे होते. शिकवण्या करून, स्वतःच्या हिमतीवर त्यांनी १८८४ मध्ये मुंबईस बी. ए. ची पदवी मिळविली. गणित हा त्यांचा विषय. १८९१ पासून १९१४ पर्यंत पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी तोच शिकविला.

त्या काळी परीक्षेचा दरारा केवढा होता, याची आज कल्पना येणे कठीण आहे. मुंबई इलाख्यात सरकारी अनुदान घेणाऱ्या खाजगी शाळांस आपली मुले सरकारी तपासनिसापुढे उभी करावी लागत. किती मुले उतरली यावर अनुदानाचा आकडा ठरे. वरच्या वर्गांस मॅट्रिकचे ध्येय असे. मॅट्रिक म्हणजे मुंबई विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा आणि तिची उत्तरे इंग्रजीत लिहावयाची. शाळा कोणाचीही असो, लोक तिची किंमत मॅट्रिकच्या निकालावरून करीत. मुलाला काय समजले यापेक्षा त्याने काय पाठ केले यालाच त्यामुळे महत्त्व येई. इतिहासातील सनावळी परक्या भाषेत घोकणाऱ्या मुलाची कीव करावी की कौतुक करावे, असा प्रश्न पडतो.

कर्वे यांचे लक्ष मात्र त्या परीक्षेच्या दारापर्यंतही न पोहोचणाऱ्या मुलींकडे होते. १८९३ मध्ये त्यांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला. मुरूडच्या लोकांनी त्यांच्यावर बहिष्कार टाकला. १८९६ मध्ये त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला व तो १९०० साली पुण्याजवळील हिंगणे या खेड्यात नेला. १९०७ मध्ये महिला विद्यालय सुरू झाले. येथे शिकणाऱ्या मुलींनी पुढे काय करावयाचे, हा प्रश्न उभा राहिला. अनेकींचे शिक्षण उशिरा सुरू झालेले, इंग्रजी कच्चे आणि आयुष्यातील वर्षे थोडी.

याच सुमारास जपानमधील महिला विद्यापीठाविषयीची एक पुस्तिका कर्वे यांच्या वाचनात आली आणि त्यांच्या विचारांस दिशा मिळाली. डिसेंबर १९१५ मध्ये मुंबईच्या सामाजिक परिषदेत अध्यक्षपदावरून त्यांनी ती कल्पना मांडली, आणि जून १९१६ मध्ये भारतवर्षीय महिला विद्यापीठ स्थापन झालेही. स्वतंत्र प्रवेशपरीक्षा, मातृभाषेत शिक्षण व मातृभाषेतच उत्तरे, इंग्रजी हा एक सक्तीचा विषय आणि जोडीस गृहशास्त्र व आरोग्यशास्त्र, अशी योजना होती. गांधीजींना इंग्रजीची सक्ती रुचली नाही, तरी त्यांनी पाठिंबा दिला. कुलपतिपद डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी स्वीकारले आणि पहिले कुलगुरू झाले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे. हे परांजपे केंब्रिजच्या गणित परीक्षेत १८९९ साली सर्वप्रथम आलेले. तेव्हा परीक्षेच्या भीतीने ही मंडळी आडवाट धरीत आहेत, असे म्हणण्याची सोय टीकाकारांस उरली नाही!

अर्थात टीका झालीच. मुलींची परीक्षा वेगळी म्हणजे हलकी, असे पुष्कळांस वाटे. सरकारची मान्यता नसल्याने या पदवीस नोकरीच्या बाजारात भाव नव्हता आणि ही अडचण खरी होती. मुलीचे नाव तेथे घालणाऱ्या पालकांनी केवढी जोखीम पत्करली असेल! परंतु कर्वे झोळी घेऊन हिंडत राहिले. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लक्ष रुपयांची देणगी जाहीर केली व त्यांच्या मातोश्री नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव विद्यापीठास मिळाले.

आपल्या हैदराबादशी कर्वे यांचा संबंध येतो तो याच वेळी. तारनाक्याजवळील उस्मानिया विद्यापीठ १९१८ मध्ये स्थापन झाले होते. तेथे शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. देशी भाषेस एवढा मान देणारे पाऊल धाडसाचेच होते. पण तेलुगू, मराठी वा कानडी बोलणाऱ्या घरांतील मुलांस इंग्रजीप्रमाणे उर्दूही शिकूनच घ्यावी लागे. नोव्हेंबर १९२१ मध्ये येथील विवेकवर्धिनीत सामाजिक परिषद भरली आणि अध्यक्ष होते महर्षी कर्वे. इंग्रजी, उर्दू, मराठी भाषणे शांतपणे ऐकली गेली. परंतु आलमपल्ली वेंकटरामराव हे वकील तेलुगूत बोलावयास उभे राहताच श्रोत्यांतून हुर्यो उठली. सभेत मराठी मंडळी पुष्कळ होती, हे सांगताना संकोच वाटतो. त्या अपमानातून तेलुगू मंडळींनी लगेच आंध्र जनसंघाची स्थापना केली. माडपाटी हनुमंतराव हे त्या चळवळीचे एक प्रमुख कार्यकर्ते.

याच हनुमंतरावांनी १९२८ मध्ये नारायणगुडा भागात तेलुगू माध्यमाची मुलींची शाळा काढली. तेलुगूत शिकलेल्या मुलींना परीक्षेस कोठे बसवावयाचे? उस्मानियाचे दार या माध्यमास बंद होते. तेव्हा ही शाळा पुण्यास, कर्वे यांच्या विद्यापीठास जोडण्यात आली आणि हैदराबादच्या मुली त्याची परीक्षा तेलुगूत देऊ लागल्या. ज्या सभेत तेलुगू भाषेची हेटाळणी झाली, तिच्याच अध्यक्षांच्या विद्यापीठाने सात वर्षांनी तिला उत्तरपत्रिकेवर जागा दिली. माडपाटी हनुमंतराव पुढे हैदराबादचे महापौर झाले. तारनाक्याहून नारायणगुडा फार दूर नाही.

कर्वे तोवर सत्तरी ओलांडून परदेशच्या प्रवासास निघाले होते. १९२९ पासून युरोप, अमेरिका व जपान आणि त्यानंतर आफ्रिका, असे हिंडून त्यांनी विद्यापीठासाठी पैसा गोळा केला. ज्याची पुस्तिका वाचून प्रेरणा मिळाली, ते टोकियोचे महिला विद्यापीठही त्यांनी डोळ्यांनी पाहिले. १९३६ मध्ये त्यांनी खेड्यांतील प्राथमिक शाळांसाठी मंडळ स्थापिले.

महिला विद्यापीठास कायद्याची मान्यता मिळण्यास तेहतीस वर्षे लागली. मुंबई विधिमंडळाने १९४९ मध्ये कायदा केला व १९५१ पासून तो अमलात आला. तोवर ज्या मुलींनी बिनमान्यतेची पदवी घेतली, त्यांच्यावाचून विद्यापीठ टिकलेच नसते. ज्या मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकला कर्वे यांनी पर्याय उभा केला, त्याच विद्यापीठाने १९५७ साली त्यांना सन्माननीय डॉक्टरेट अर्पण केली. १९५८ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी, ते भारतरत्न झाले. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.