टाकलेले ओझे पुन्हा उचलू नका



पापनिवेदन करून घरी आल्यावरही मन हलके होत नाही, असा अनुभव आपल्यापैकी अनेकांना येतो. देवाने क्षमा केली हे आपण मानतो, तरी तेच जुने पाप पुन्हा खांद्यावर घेऊन चालू लागतो. संत इग्नेशियस लोयोला ह्यांनाही हे ओझे चुकले नव्हते.

स्पेनच्या बास्क प्रांतात, लोयोला येथील सरदार घराण्यात १४९१ साली त्यांचा जन्म झाला. तलवार, उंची कपडे आणि दरबारातला मान ह्यांतच त्यांचे तारुण्य गेले. २० मे १५२१ रोजी पांप्लोनाच्या लढाईत तोफगोळा लागून त्यांचा पाय मोडला. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी वाचायला शौर्यकथा मागितल्या. पण घरात ख्रिस्ताचे व संतांचे चरित्र तेवढे होते. ते वाचता वाचता त्यांचे मन पालटले.

मार्च १५२२ मध्ये ते मोन्सेरातच्या मठात आले. तीन दिवस घेऊन त्यांनी साऱ्या आयुष्यातील पापांचे लेखी निवेदन केले. खेचर मठाला दिले, उंची कपडे एका गरिबाला दिले आणि तलवार व खंजीर पवित्र मरियेच्या वेदीपाशी ठेवून रात्रभर प्रार्थना केली. अंगावरचे ओझे एका रात्रीत उतरले.

मनावरचे मात्र उतरले नाही. मानरेसा गावी ते भीक मागून राहू लागले. दररोज सात तास प्रार्थना करीत. पूर्वी केसांची फार हौस होती, म्हणून केस आणि नखेही कापणे सोडून दिले. तरीही एखादे पाप सांगायचे राहिले असेल, ही शंका त्यांना छळू लागली. त्यांनी पुन्हा पुन्हा पापनिवेदन केले, पण समाधान मिळेना. जीव नकोसा झाला. एकदा तर आठवडाभर त्यांनी अन्नपाणी घेतले नाही. शेवटी धर्मगुरूंच्या आज्ञेवरून उपवास सोडला.

मग त्यांनी एक साधी गोष्ट तपासली: ही शंका मला कुठे नेते? ती त्यांना देवाकडे नेत नव्हती. उलट प्रार्थनामय जीवनाचाच वीट आणत होती. म्हणजे ती देवाकडून आलेली नव्हती. खरा पश्चात्ताप देवाकडे पाहतो. ही शंका मात्र माणसाला स्वतःकडेच पाहत बसवते. मागची पापे पुन्हा उगाळायची नाहीत, असा त्यांनी निश्चय केला आणि ते मोकळे झाले. पुढे केस आणि नखेही कापू लागले.

१५२३ साली ते जेरुसलेमला गेले. तिथे जन्मभर राहण्याची त्यांची इच्छा होती. वरिष्ठ फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी परवानगी नाकारली, तेव्हा तीही त्यांनी सोडली. तिशी उलटल्यावर मुलांबरोबर बसून ते लॅटिन शिकले. १५३४ साली पॅरिसमध्ये सहा सोबत्यांसह त्यांनी व्रते घेतली. त्यांतले एक संत फ्रान्सिस झेवियर, जे १५४२ साली गोव्यात आले. १५४० साली पोपमहोदयांनी येशूसंघाला मान्यता दिली. ३१ जुलै १५५६ रोजी मृत्यू येईपर्यंत इग्नेशियस ह्यांनी रोममधून संघाचा कारभार पाहिला. त्यांची सुमारे सात हजार पत्रे आजही उपलब्ध आहेत.

ओझे टाकणे म्हणजे जबाबदारी टाकणे नव्हे. देवाकडे जाण्यास जे मदत करते ते घ्यावे आणि जे आड येते ते सोडावे, असे संत इग्नेशियस आपल्या आध्यात्मिक साधनेच्या पुस्तकात शिकवतात. घर, शेती, नोकरी, आजारी आईवडिलांची सेवा हे भार देवाने दिलेले आहेत. ते आनंदाने वाहू या. क्षमा झालेल्या पापाचा भार मात्र त्याने दिलेला नाही. पुढच्या वेळी पापनिवेदनानंतर चर्चमधून बाहेर पडताना तो तिथेच राहू द्या. ख्रिस्ताने तो कधीच उचलला आहे.

आपला,
प्रमुख धर्मगुरू