शाळेचा कारभारी

संस्कृत शिकणाऱ्याच्या हाती कधी ना कधी आपट्यांचा कोश येतोच. कोशकार म्हणून वामन शिवराम आपटे यांचे नाव सर्वांच्या परिचयाचे आहे. परंतु चौतीस वर्षांच्या अल्पायुष्यातील बारा वर्षे त्यांनी शाळा व महाविद्यालय चालविण्यात वेचली, हे फारसे कोणाच्या ध्यानी येत नाही.

वामनरावांचा जन्म १८५८ साली सावंतवाडी संस्थानात, बांद्याच्या परिसरातील एका खेड्यात झाला. ते आठ वर्षांचे असताना वडील निवर्तले. आई मुलांना घेऊन कोल्हापुरास आली. पुढे थोड्याच वर्षांत तिचेही छत्र नाहीसे झाले. अशा पोरक्या मुलाचे शिक्षण तेथेच खुंटावयाचे. परंतु राजाराम हायस्कूलचे मुख्याध्यापक महादेव मोरेश्वर कुंटे यांनी त्याची बुद्धी हेरली व त्याला मदतीचा हात दिला. १८७३ साली वामनराव संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवून मॅट्रिक झाले. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकून १८७९ साली त्यांनी एम. ए. ची पदवी घेतली.

त्या काळी अशा पदवीधरास सरकारी नोकरीची दारे सताड उघडी असत. वामनराव त्या वाटेस गेले नाहीत. विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक व नामजोशी यांनी १८८० च्या जानेवारीत पुण्यात मोरोबादादा फडणिसांच्या वाड्यात न्यू इंग्लिश स्कूल काढले होते. त्याच वर्षी वामनराव तेथे दाखल झाले व शाळेच्या अधीक्षकपदाची जबाबदारी त्यांच्यावर पडली.

ही जबाबदारी सोपी नव्हती. सहकारी एकापेक्षा एक तेजस्वी. पण तेजस्वी माणसांची मंडळी जमली म्हणजे शाळा आपोआप चालते असे नाही. १८८१ साली ‘केसरी’ व ‘मराठा’ ही पत्रे निघाली आणि मंडळींचे लक्ष वाटले गेले. रोजची घंटा, वर्ग, परीक्षा यांवर नजर ठेवणारा कोणी तरी हवाच होता. वामनराव शिस्तीचे कडक होते. मात्र ते नुसते देखरेख करणारे अधिकारी नव्हते, तर स्वतः जातिवंत शिक्षक होते. संस्कृत वाक्यरचना शिकणाऱ्यांसाठी त्यांनी १८८१ साली लिहिलेले मार्गदर्शक पुस्तक पुढे कित्येक पिढ्या वापरीत राहिल्या.

खरी कसोटी लागली ती १८८२ साली. मार्चमध्ये विष्णुशास्त्री एकाएकी वारले. जुलैमध्ये कोल्हापूर प्रकरणात टिळक व आगरकर यांना शिक्षा झाली व दोघेही १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात राहिले. दोन वर्षांच्या कोवळ्या शाळेचे मोठे आधार असे एका वर्षात दूर झाले. पालकांनी मुले काढून घेतली असती तर त्यांना दोष देता आला नसता. परंतु शाळा डळमळली नाही. त्याच वर्षी शिक्षण आयोगाचे अध्यक्ष हंटर यांनी ती पाहिली व तिची मनःपूर्वक वाखाणणी केली. पहिल्या वर्षाअखेर शाळेत ३३६ मुले होती. १८८४ अखेर ती १००९ झाली. जी शंकरशेट शिष्यवृत्ती वामनरावांनी स्वतः मिळविली होती, तीच आता त्यांच्या शाळेतील मुले मिळवू लागली.

१८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी व १८८५ साली फर्ग्युसन कॉलेज स्थापन झाले. कॉलेजचे प्राचार्यपदही वामनरावांकडेच आले. पुढे आजीव सदस्यांचे वेतन व त्यांची बाहेरची कामे यांवरून मंडळींत तीव्र मतभेद झाले आणि १८९० साली टिळक संस्थेतून बाहेर पडले. वामनरावांची करडी शिस्त अशा मानी सहकाऱ्यांना नेहमीच मानवली असेल असे वाटत नाही. मुलांना लावलेली शिस्त आणि बरोबरीच्यांशी राखावयाची नाती, या दोन निराळ्याच गोष्टी होत.

त्याच १८९० साली त्यांचा संस्कृत-इंग्रजी कोश प्रसिद्ध झाला. एवढ्या व्यापात त्यांनी हे काम केव्हा उरकले असेल, याचे नवल वाटते. १८९२ च्या ऑगस्टमध्ये, प्राचार्यपदावर असतानाच, त्यांचे निधन झाले. त्यांच्या जागी आगरकर आले.