यशवंतराव होळकर : तीन पायऱ्यांनी दूर गेलेली सत्ता

इंदूरचे अखेरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) ५ डिसेंबर १९६१ रोजी मुंबईत निवर्तले. त्यानंतर चौदा दिवसांनी गोवा मुक्त झाला. लिस्बनहून चालणाऱ्या एककेंद्री राज्यव्यवस्थेतून आपण बाहेर पडलो, त्याच महिन्यात सत्तेचे केंद्र डोळ्यांदेखत दूर सरकताना पाहिलेला हा राजा काळाच्या पडद्याआड गेला.

त्यांचा जन्म १९०८ चा. बावला खून प्रकरणानंतर ब्रिटिश सरकारने वडील तुकोजीराव तिसरे यांच्यापुढे चौकशी किंवा पदत्याग असे दोनच मार्ग ठेवले आणि १९२६ मध्ये सतरा वर्षांचे यशवंतराव गादीवर आले. पूर्ण अधिकार मिळायला १९३० उजाडले. १८१८ च्या मंदसोरच्या तहाने होळकरांचे परराष्ट्र व्यवहार कंपनीच्या हाती गेले होते. तरीही १९४२ मध्ये याच महाराजांनी हिंदुस्थानच्या प्रश्नात मध्यस्थी करावी असे जाहीर पत्र अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांना लिहिले! माणिकबागेसारखा आधुनिक राजवाडा उभारणाऱ्याला हे धाडस शोभणारेच. मात्र संस्थानात अंतिम शब्द महाराजांचाच होता, हे विसरून चालणार नाही. वरच्या सत्तेखाली दबलेले राज्य आत तितकेच एकतंत्री होते.

स्वातंत्र्यानंतर तीन पायऱ्यांत सारे बदलले. प्रथम सामीलनाम्याने संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण दिल्लीकडे गेले. मग २८ मे १९४८ रोजी ग्वाल्हेर, इंदूर आणि माळव्यातील लहानमोठी संस्थाने मिळून मध्यभारत झाला. जिवाजीराव शिंदे राजप्रमुख झाले, यशवंतराव उपराजप्रमुख. राजधानी हिवाळ्यात ग्वाल्हेरला, उन्हाळ्यात इंदूरला. शिंदे-होळकरांचा जुना मान राखण्याचीच ही तडजोड म्हणावी. १ नोव्हेंबर १९५६ रोजी तीही संपली. मध्यभारत मध्य प्रदेशात विलीन झाला, राजधानी भोपाळला आणि उच्च न्यायालय जबलपूरला गेले. यशवंतरावांचे पदही उरले नाही.

इंदूरकरांना मतदानाचा हक्क मिळाला, ही या काळातील सर्वांत मोठी कमाई. तथापि राज्य ठेवावे की मोडावे, हे त्यांच्या मतावर ठरले नाही. राज्यघटनेच्या तिसऱ्या कलमानुसार संसद राज्यांच्या सीमा बदलू शकते, नवे राज्य घडवू शकते. संबंधित विधिमंडळाचे मत मागवले जाते, त्याची संमती मात्र लागत नाही. आपल्या संघराज्याची एककेंद्री बाजू इथे उघड दिसते. गोवा तेव्हा केंद्रशासित असूनही १६ जानेवारी १९६७ रोजी विलीनीकरणाचा प्रश्न थेट जनतेपुढे आला. इंदूरला अशी संधी मिळाली नव्हती.