कर्करोगाविरुद्ध ज्वराचे अस्त्र : डॉ. विल्यम कोली

शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती कर्करोगाची गाठ नष्ट करू शकते, हे आज वैद्यकशास्त्राने स्वीकारले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस न्यूयॉर्कमधील एका तरुण शल्यचिकित्सकाने या शक्यतेचा उपचारासाठी वापर केला, तेव्हा मात्र त्यांच्या वाट्याला अविश्वासच अधिक आला. डॉ. विल्यम ब्रॅडली कोली हे त्यांचे नाव.

कोली यांचा जन्म 12 जानेवारी 1862 रोजी अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यात झाला. येल येथील पदवीनंतर 1888 मध्ये त्यांनी हार्वर्डमधून वैद्यकीय शिक्षण पूर्ण केले आणि न्यूयॉर्क हॉस्पिटलमध्ये काम सुरू केले. 1890 मध्ये त्यांच्याकडे सतरा वर्षांची एक तरुणी आली. हाताला झालेली किरकोळ इजा बरी होत नव्हती. तपासणीअंती तो सार्कोमा, म्हणजे हाडे, स्नायू यांसारख्या ऊतींचा कर्करोग, असल्याचे निष्पन्न झाले. कोली यांनी तिचा हात कोपराखाली कापला, तरीही रोग सर्वांगात पसरला आणि जानेवारी 1891 मध्ये तिचे निधन झाले. उद्योगपती रॉकफेलर घराण्यातील धाकट्या जॉन यांची ती निकटची मैत्रीण होती.

या मृत्यूने व्यथित झालेल्या कोली यांनी रुग्णालयाची जुनी कागदपत्रे चाळली. त्यांत एका जर्मन स्थलांतरिताची नोंद सापडली. त्याच्या मानेवरील सार्कोमा अनेक शस्त्रक्रियांनंतरही पुन्हा वाढत होता. त्यातच त्याला धावरे झाले. त्वचेचा हा जिवाणूजन्य संसर्ग त्या काळी जीवघेणा समजला जाई. तीव्र ताप आला, तो उतरला आणि गाठही विरून गेली. कोली यांनी मॅनहॅटनच्या गरीब वस्तीत, चाळींचे जिने चढउतार करीत या माणसाचा शोध घेतला. सुमारे सात वर्षांनंतरही तो ठणठणीत होता.

मग कोली यांनी मोठे धाडस केले. 1891 मध्ये त्यांनी असाध्य कर्करोगाच्या एका इटालियन रुग्णाला धावऱ्याचे जिवंत जिवाणू टोचले. अनेक प्रयत्नांनंतर संसर्ग झाला, ताप चढला आणि गाठ वितळू लागली. तो रुग्ण पुढे आठ वर्षे जगला. परंतु याच उपचारात दोन रुग्ण संसर्गानेच दगावले. त्यामुळे कोली यांनी स्ट्रेप्टोकॉकस आणि सेरेशिया या दोन जिवाणूंचे मृत मिश्रण तयार केले. जानेवारी 1893 मध्ये पोटात मोठी गाठ असलेल्या सोळा वर्षांच्या मुलाला ते प्रथम देण्यात आले. काही महिन्यांत गाठ नाहीशी झाली. तो मुलगा 26 वर्षे जगला आणि हृदयविकाराने मरण पावला.

कोली यांनी आयुष्यात सुमारे एक हजार रुग्णांवर हा उपचार केला. अनेक गाठी विरल्या, अनेक विरल्या नाहीत. मिश्रणाचे घटक वेळोवेळी बदलत, टोचण्याची पद्धत बदले आणि रुग्णांचा पाठपुरावाही अपुरा राही. या उणिवा कोली यांच्याच होत्या, आणि टीकाकारांनी त्यांवर नेमके बोट ठेवले. याच काळात क्ष-किरण व रेडियम आले. त्यांचा परिणाम मोजता येत असे. मेमोरियल हॉस्पिटलमधील ख्यातनाम विकृतिशास्त्रज्ञ जेम्स युइंग हे किरणोपचाराचे खंदे पुरस्कर्ते आणि कोली यांचे कट्टर विरोधक. दोघे एकाच संस्थेत असल्याने हा वाद अधिकच बोचरा ठरला.

खरी अडचण वेगळी होती. गाठ का विरते, हे कोली सांगू शकत नव्हते. जिवाणूंचे विष गाठीला मारते, अशी त्यांची समजूत होती. प्रत्यक्षात जिवाणूंच्या चाहुलीने शरीराची संरक्षक यंत्रणा खडबडून जागी होत असावी, असे आज मानले जाते. टी-पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी कर्करोगी पेशींवरील विकृत प्रथिने ओळखून त्यांना ठार करतात. पण गाठही स्वस्थ बसत नाही. काही कर्करोगी पेशी आपली ओळख पटवणारी चिन्हे पृष्ठभागावरून काढून टाकतात. काही पेशी पीडी-एल 1 हे प्रथिन पुढे करून टी-पेशींना जणू ब्रेक लावतात. म्हणूनच एका रुग्णात चमत्कार घडे आणि दुसऱ्यात काहीच घडत नसे.

16 एप्रिल 1936 रोजी कोली यांचे न्यूयॉर्क येथे निधन झाले, तेव्हा त्यांचा उपचार जवळपास विस्मृतीत गेला होता. त्यांची कन्या हेलन कोली नॉट्स यांनी वडिलांची कागदपत्रे तपासून शेकडो रुग्णांचे वृत्तान्त संकलित केले. वैद्यकीय पदवी नसलेल्या या महिलेने 1953 मध्ये कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूट स्थापन केली. त्यासाठी 2,000 डॉलर नेल्सन रॉकफेलर यांनी दिले. कोली यांच्या त्या तरुण रुग्णाच्या मित्राचे ते पुत्र.

कोली यांचे मिश्रण आज नित्य उपचारात नाही. मात्र भारतात नवजात बालकांना क्षयरोगाविरुद्ध टोचली जाणारी बीसीजी लस मूत्राशयाच्या प्राथमिक अवस्थेतील कर्करोगात थेट मूत्राशयात सोडली जाते. जिवाणूंच्या साहाय्याने प्रतिकारशक्ती चेतवण्याचाच हा उपचार आहे. टी-पेशींवरील ब्रेक काढण्याचा मार्ग दाखवणारे जेम्स ॲलिसन आणि तासुकु होन्जो यांना 2018 चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.