हिमकणांचा उपासक

अमेरिकेच्या ईशान्य भागात व्हर्माँट नावाचे डोंगराळ राज्य आहे. हिवाळ्यात तेथे विपुल हिम पडते. त्या राज्यातील जेरिको या खेड्यात, एका शेतकऱ्याच्या घरी, ९ फेब्रुवारी १८६५ रोजी विल्सन बेंटले यांचा जन्म झाला.

विल्सनची आई पूर्वी शिक्षिका होती. तिने त्याला बरीच वर्षे घरीच शिकविले. तो पंधरा वर्षांचा झाला तेव्हा तिने आपले जुने सूक्ष्मदर्शक यंत्र त्याला दिले. त्याखाली हिमकण ठेवताच त्याला सहा पाकळ्यांची नाजूक नक्षी दिसली. तो तिचे चित्र काढू लागला. परंतु चित्र पुरे होण्यापूर्वीच हिमकण वितळून जाई. एवढे सौंदर्य कोणाच्याही दृष्टीस न पडता नाहीसे व्हावे, ही रुखरुख त्याच्या मनाला लागून राहिली.

यावर छायाचित्र हाच उपाय होता. वडिलांना मुलाचा हा नाद पसंत नव्हता. तरी अखेर त्यांनी कॅमेरा घेऊन दिला. विल्सनने तो सूक्ष्मदर्शकाला जोडला. अनेक प्रयत्न फसले. शेवटी १५ जानेवारी १८८५ रोजी हिमकणाचे पहिले छायाचित्र त्याच्या हाती आले.

पुढे शेती सांभाळून बेंटले यांनी हा छंद जन्मभर जोपासला. काळ्या फळीवर ते हिमकण झेलीत, बारीक काडीने उचलून काचेवर ठेवीत आणि पिसाने हलकेच सपाट करीत. उच्छ्वासाच्या उबेनेही हिमकण वितळेल म्हणून ते श्वास रोखून धरीत.

छायाचित्रात पांढरा हिमकण उजळ पार्श्वभूमीवर उठून दिसत नसे. म्हणून बेंटले मूळ काचेची दुसरी प्रत तयार करीत आणि आकृतीभोवतीचा काळा थर सुरीने खरवडून काढीत. त्या प्रतीवरून छापलेल्या चित्रात काळ्या पटावर शुभ्र हिमकण झळकू लागे. सुरी किंचित चुकली, तर हिमकणाची कडच बिघडण्याचा धोका असे. त्यामुळे काही विद्वानांनी या पद्धतीवर आक्षेपही घेतला. परंतु मूळ काचेला सुरी लागलेली नसे.

बेंटले यांनी ५,००० हून अधिक छायाचित्रे घेतली. त्यांत अगदी एकसारखे असे दोन हिमकण त्यांना आढळले नाहीत. हे धन त्यांनी स्वतःपुरते ठेवले नाही. चित्रांच्या काचा ते शाळा-महाविद्यालयांना अवघ्या पाच सेंटना देत. १९०३ साली त्यांनी ५०० चित्रे वॉशिंग्टनच्या स्मिथ्सोनियन संस्थेकडे पाठविली. या छंदापायी त्यांना मिळाले त्याहून अधिक द्रव्य खर्चावे लागले.

१९३१ साली २,४०० हून अधिक चित्रांचा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच हिवाळ्यात हिमवादळातून पायी घरी परतल्यावर त्यांना न्यूमोनिया झाला आणि २३ डिसेंबर रोजी त्यांचे निधन झाले.

बेंटले यांनी टिपलेले हिमकण केव्हाच विरघळले. त्यांची रूपे मात्र आजही जगाला आनंद देत आहेत.